कुलूपबाई

आमच्या ऑफिसात कुणी पासवर्ड टाइप करायला लागलं की बाकीच्यांनी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, असा नियम होता. नियम मॅडमचा. पाहुणा असो, चहा घेऊन आलेला माणूस असो की संस्थेचे संचालक असोत, सगळ्यांना सारखाच लागू. एकदा मुंबईहून देणगीदार मंडळी आली होती. नेमकं तेव्हाच माझ्या संगणकानं पुन्हा लॉगिन मागितलं आणि मॅडम शांतपणे त्यांना म्हणाल्या, जरा तिकडे बघा. कडक इस्त्रीची चार माणसं जव्हारमधल्या त्या भाड्याच्या खोलीत कॅलेंडरच्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मला हसू आवरेना, त्यामुळे पासवर्ड दोनदा चुकला आणि ती मंडळी आणखी दोन मिनिटं तशीच उभी. जाताना त्यातले एक गृहस्थ मला म्हणाले, शाळा सुटल्यापासून असं उभं राहायची वेळ आज पहिल्यांदा आली.

मी मोखाड्याची. आमचं तिथं किराणा दुकान. कॉम्प्युटरची पदवी घेतल्यावर मी ठाण्याला जाईन असं घरच्यांनी धरून चाललं होतं, पण मी जव्हारची ही नोकरी धरली आणि रोज एसटीनं जायला-यायला लागले. संस्थेचं काम रक्ततपासणीचं. पाड्यापाड्यांवर आणि शाळांमध्ये सिकलसेलची तपासणी करायची, निकाल नोंदवायचे, ज्यांना औषधपाणी लागेल त्यांच्यापर्यंत ते पोचवायचं. पूर्वी या नोंदी जाड वह्यांत असायच्या. मी लागले त्याच वर्षी त्या क्लाउडवर गेल्या, म्हणजे कुठल्यातरी लांबच्या शहरातल्या, आपण कधी न पाहिलेल्या संगणकावर. आणि त्या तिथं सुखरूप राहाव्यात म्हणून संस्थेनं मॅडमना आणलं. आता मॅडम नाशिकला भावाकडे असतात आणि त्यांच्या खुर्चीवर मी बसते, पण त्या खुर्चीबद्दल बोलायचं तर त्यांच्याबद्दलच बोलावं लागेल.

यात एवढं जपण्यासारखं काय होतं ते आधी सांगते. सिकलसेलचा दोष आई किंवा बाप, एकाच बाजूनं आला असेल तर त्या माणसाला वाहक म्हणतात. वाहकाला स्वतःला सहसा काही त्रास होत नाही. तो भात लावतो, डोंगर चढतो, म्हातारा होतो. नवरा आणि बायको दोघंही वाहक निघाले तर मात्र त्यांच्या मुलाला खरा आजार होऊ शकतो. शास्त्र एवढंच आहे. पण ते पाड्यावर पोचेपर्यंत त्याचं 'तिच्या रक्तात खोट आहे' एवढंच उरतं आणि ठरत आलेली सोयरीक मोडते. आणि मोडते ती मुलीची. मुलाच्या रक्तावरून सोयरीक मोडल्याचं मी इतक्या वर्षांत ऐकलेलं नाही. तेव्हा आमच्या त्या फायलींमध्ये शेकडो पोरींचं लग्न होणं-न होणं पडून होतं, आणि मॅडम त्यावर बसलेल्या होत्या.

त्या आधी शिक्षण खात्यात कारकून होत्या. परीक्षेच्या प्रश्नपत्रिकांची कस्टडी बरीच वर्षं त्यांच्याकडे असायची. सीलबंद गठ्ठे, कपाटाला दोन कुलपं, दोन किल्ल्या दोन माणसांकडे, पाकिटाच्या जोडावर आडवी सही. निवृत्त झाल्यावर लोक नातवंडं सांभाळतात. या बाईंनी ऑनलाइन वर्ग लावून माहितीच्या सुरक्षेचा अभ्यास केला आणि तिसऱ्याच आठवड्यात त्या वर्गाच्या मास्तरलाच त्याचा पासवर्ड बदलायला लावला. त्याचा पासवर्ड यांना कसा कळला, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, तो मुलगा दर तासाला आपल्या कुत्र्याचं कौतुक करायचा.

आमचे पासवर्डही त्यांनी पहिल्याच दिवशी असेच उघडे पाडले. प्रत्येकाच्या टेबलाशी जायचं, घरचं दोन वाक्यं विचारायचं, मग त्याच्याकडे पाठ करून त्याच्याच कीबोर्डवर टाइप करायचं. जीपवाल्या दादांचा पासवर्ड म्हणजे त्यांच्या जीपचा नंबर. फील्डवरच्या एका ताईंचा, त्यांच्या पाड्याचं नाव आणि पुढं एक-दोन-तीन. माझ्या वेळी मी जरा ताठ बसले होते, कॉम्प्युटरची पदवी माझी. मॅडमनी विचारलं, दुकानाचं नाव काय गं तुमच्या? मी सांगितलं. पहिल्याच फटक्यात उघडलं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. मग त्यांनी सगळ्यांना एकमेकांशी काही संबंध नसलेले चार शब्द जोडून पासवर्ड करायला शिकवलं, आणि तो कुठं लिहून ठेवलेला दिसला तर तो कागद फाडून आमच्याच हातात द्यायच्या.

त्यांच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात एक चपटी किल्ली असायची, चिंचोक्याएवढी. ती संगणकाला लावल्याशिवाय नावांची फाइल उघडत नसे. आणि एकटी तीही पुरत नसे. तशीच दुसरी किल्ली आमच्या डॉक्टरांकडे होती. दोघंही एका जागी असतील तरच नावं दिसणार. बाकीच्यांना नुसते नंबर. पाड्यांवर लोक मॅडमना कुलूपबाई म्हणायचे. मॅडमना ते माहीत होतं आणि आतून आवडायचंही. डॉक्टर एकदा वैतागून म्हणाले, की एका पेशंटचं नाव बघायला मी दाभोशाहून जव्हारला यायचं का? मॅडम म्हणाल्या, पूर्वी प्रश्नपत्रिकेसाठी माणसं वाडा तालुक्यातून यायची. प्रश्नपत्रिकेचा इथं काय संबंध हे डॉक्टरांना शेवटपर्यंत कळलं नाही.

संचालक सर तसे भले गृहस्थ. पण आपण संस्थेचे प्रमुख, तेव्हा आपल्याला सगळं दिसलं पाहिजे, असं त्यांना मनापासून वाटायचं. मॅडमनी त्यांना फक्त बेरजा दिसतील असं करून ठेवलं होतं. किती तपासले, किती वाहक, किती औषधावर. सर दोनदा बोलले, तिसऱ्यांदा चिठ्ठी पाठवली. मॅडम चिठ्ठी घेऊन त्यांच्या केबिनमध्ये गेल्या आणि म्हणाल्या, "सर, तुम्हाला आकडे लागतात, माणसं लागत नाहीत. आकडे दिलेत." सर महिनाभर रुसून होते. पुढं मात्र बाहेरच्या बैठकांमध्ये तेच सांगायला लागले, की आमच्या संस्थेत मलासुद्धा नावं दिसत नाहीत, आणि हे सांगताना त्यांची छाती चांगली दोन इंच फुगायची.

रोज सकाळी साडेनऊला मॅडम आदल्या दिवसाची नोंद छापून घ्यायच्या. कुणी, कुठली फाइल, किती वाजता उघडली. शिसपेन्सिलीनं एकेक ओळ टिपत जायच्या आणि मग हाक मारायच्या. नवी असताना मला एकदा विचारलं, काल दुपारी दोन-दहाला तू अमक्या गावाची फाइल उघडलीस, ती कशाला? मी म्हटलं, सहज. मॅडमनी पेन्सिल खाली ठेवली. म्हणाल्या, सहज हा शब्द चपलेबरोबर दाराबाहेर काढून यायचा. मग विचारलं, "तुझ्या वर्गमैत्रिणीचं गाव ना ते?" मला भुईनं पोटात घ्यावं असं झालं. खरंच मैत्रिणीचं गाव होतं, आणि तिथलं काय काय निघालंय ते बघावं असं मनात आलं होतं. नावं तर दिसणारच नव्हती, तरी मी बघायला गेले होते. हे त्यांना कसं कळलं ते मी विचारलं नाही. त्यांच्याबद्दल मला भीती वाटायची आणि खूप आदर वाटायचा, आणि दोन्ही एकाच जागी वाटायचं.

जुने कागद त्या घरी न्यायच्या. शनिवारी अंघोळीच्या बंबात तेच घालायच्या, आणि राखेत पाणी ओतून काठीनं ढवळायच्या. संस्थेनं कागद कापायचं यंत्र आणून दिलं, तर त्यातून निघालेल्या पट्ट्यासुद्धा पिशवीत भरून बंबातच गेल्या. मी विचारलं की मॅडम, पट्ट्या कोण जोडत बसणार? त्या म्हणाल्या, पट्ट्या जोडणाऱ्याला वेळच वेळ असतो, आणि बंबाला तरी काय, काहीतरी जाळायचंच आहे.

पण त्यांचं सगळ्यात मोठं काम मी साखरशेतला पाहिलं. तिथं आमच्या फील्डवरच्या बायकांचं प्रशिक्षण होतं. माहिती सांकेतिक करून ठेवणं म्हणजे काय, हे मला समजावून सांगायचं होतं. मी फळ्यावर चौकोन काढले, बाण काढले, एक इंग्रजी शब्द चारदा उच्चारला. बायका माझ्याकडे मायेनं बघत राहिल्या. मग मॅडम उठल्या. म्हणाल्या, मुंबईचा साहेब तुमच्या पाड्यावर आला आणि तुम्ही आपापसात तुमच्या बोलीत बोललात, तर त्याला काय कळतं? आवाज ऐकू येतो की नाही? येतो. अर्थ लागतो का? नाही. तसंच आपण आपली माहिती अशा बोलीत लिहून ठेवतो, जी फक्त आपल्याला येते. चोरानं नेली तरी त्याच्या हाती नुसता आवाज. बायका खुदखुदल्या. त्यांतली एक वयस्कर बाई, तिथंच नाचणी पिकवणारी, मागून म्हणाली, "पन ज्याला बोली येते त्याच्यापुढं काय झाकणार, बाई?" मॅडमनी पिशवीतून वही काढली आणि ते वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं. मला वाटलं, म्हातारीचं मन राखायला करतायत.

त्या वाक्याचा अर्थ मला वर्षभरानं कळला, आणि माझ्याच चुकीनं कळला.

एका बैठकीत एका शिक्षकांनी मला विचारलं, की पाडावार सिकलसेलची स्थिती मिळेल का, मला मुलांना माहिती सांगायची आहे. चांगला माणूस, चांगलं कारण. मी त्याच संध्याकाळी तक्ता केला. नावं काढून टाकली. नंबरही काढले. उरलं एवढंच: पाडा, वय, स्त्री की पुरुष, निकाल. तक्ता क्लाउडवर ठेवला आणि ज्याच्याकडे लिंक असेल त्याला उघडेल असं करून लिंक पाठवली. पत्रात मी लिहिलं होतं की, गोपनीयतेच्या दृष्टीनं नावं वगळली आहेत. ते वाक्य मी दोनदा वाचलं होतं आणि दोन्ही वेळा मला स्वतःचा अभिमान वाटला होता.

शिक्षकांनी ती लिंक आपल्या ओळखीच्या लोकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली. वाईट हेतू काहीच नव्हता. तिथून ती दुसऱ्या ग्रुपवर गेली.

मधे शनिवार-रविवारची सुट्टी गेली आणि सोमवारी सकाळी मॅडमनी हाक मारली. त्यांच्यापुढं सुट्टीतल्या दिवसांची नोंद होती, आणि एकाच फाइलपुढं अनोळखी लोकांची रांग लागली होती. त्या ओरडल्या नाहीत. लिंक त्यांनी आधीच बंद केली होती. तक्ता माझ्यापुढं सरकवून त्यांनी एका ओळीवर पेन्सिल ठेवली. दाभोशाच्या बाजूचा एक पाडा, वय एकोणीस, स्त्री, वाहक.

"या पाड्यावर घरं किती?"

मला माहीत होतं. अकरा.

"एकोणीस वर्षांच्या मुली किती?"

एकच, मी म्हटलं. शहरात 'एकोणीस वर्षांची मुलगी' म्हणजे कुणीही असू शकते. अकरा घरांच्या पाड्यावर ते तिचं नावच असतं. ज्यांना ती बोली येत होती त्यांनी माझा तक्ता नावासकट वाचला होता. आजही कधी रिकामी बसले की ती पेन्सिल मला दिसते, आणि लाज वाटते, अगदी त्या दिवशीइतकीच.

त्याच दुपारी मॅडमनी माझे सगळे अधिकार काढून घेतले. म्हणाल्या, हे रागानं नाही, हात भाजला की आधी तो चुलीपासून लांब घेतात, तसं. पंधरा दिवसांनी परत दिले, पण तेव्हा मला वाटलं होतं की नोकरी गेली. मग त्यांनी सरांना पत्र लिहिलं. त्यात माझं नाव होतं, आणि माझ्या आधी त्यांचं स्वतःचं होतं: तक्ता बाहेर जाण्यापूर्वी दुसऱ्या माणसानं तपासावा असा नियम मी केला नव्हता, ही माझी चूक. ते वाचून मला रडू आलं. मॅडमनी मला रडू दिलं आणि तेवढ्या वेळात बाकीचा तक्ता तपासला. ओळखू येतील अशी आणखी दोन माणसं त्यात निघाली.

सरांचं म्हणणं पडलं की लिंक बंद झाली आहे, आता कशाला ढवळायचं. आपण तिथं जाऊन सांगितलं तर नसलेला बोभाटा होईल. मॅडम म्हणाल्या, "सर, गावाला कळलंय. फक्त तिला कळायचं राहिलंय." त्यांना म्हणायचं होतं ते तक्ता फुटल्याबद्दल. ते वाक्य किती खरं आहे ते त्यांनाही तेव्हा माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. आधी तक्त्यातून ओळखू येणारे ते दुसरे दोघं. एक होता सहा वर्षांचा मुलगा. त्याच्या आईनं निकाल स्वतःच साऱ्या पाड्याला सांगून टाकला होता, आणि आम्ही माफी मागतोय कशाबद्दल हेच तिला कळेना. दुसरे सत्तरीचे आजोबा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, आता मला कोन पोरगी देतंय? मॅडम हसल्या नाहीत. त्यांनाही तितक्याच गंभीरपणे झाला प्रकार सांगितला आणि त्यांची माफी मागितली. मग आम्ही दाभोशाकडे जाणारी जीप धरली.

जीपमधून उतरून अर्धा तास चालायचं होतं. भाताची कापणी उरकली होती, खळ्यांवर झोडणी चालली होती. मॅडमच्या पायात कॅनव्हासचे बूट आणि खांद्याला पिशवी. पिशवीत त्या मुलीच्या निकालाचं सीलबंद पाकीट, जोडावर आडव्या दोन सह्या, एक मॅडमची आणि एक डॉक्टरांची. पाड्याच्या तोंडाशी मी एका बाईला त्या मुलीचं घर विचारणार, तेवढ्यात मॅडमनी माझा दंड धरला. घर विचारायचं नाही. आपण कुणाकडे आलोय हे कुणाला कळता कामा नये. पहिल्या घरापासून सुरुवात करायची.

आणि खरंच आम्ही पहिल्या घरापासून सुरुवात केली. ओट्यावर बसायचं, पाणी मागायचं, घरातल्या सगळ्यांच्या तब्येतीची चौकशी करायची, दहा मिनिटांनी उठायचं. दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी कोरा चहा झाला. चौथ्या घरी मॅडमनी एका म्हातारीचं गुडघेपुराण पूर्ण ऐकलं. मला कधी एकदा ते घर येतंय असं झालं होतं आणि या बाई पाचव्या घरात काकडी चिरून खात होत्या. सहाव्या घरी माझं पोट पाण्यानं डबडबलं होतं.

सातवं घर तिचं होतं. आई अंगणात सुपानं भात पाखडत होती. बाप खळ्यावर. मुलगी दारातच बसली होती. वसईला एका कारखान्यात पॅकिंगचं काम करायची, कापणीसाठी आणि घरात तिच्या लग्नाचं बोलणं चाललं होतं त्यासाठी आली होती. आम्ही पाणी प्यायलो. मग मॅडमनी आवाज खाली आणला आणि सरळ मुद्द्याला हात घातला. तुझ्या रक्ताच्या निकालाची नोंद आमच्याकडे होती, ती आम्ही जपायला हवी होती, आमच्या हातून ती बाहेर गेली, नाव नव्हतं पण तू ओळखू येशील अशी गेली. मी म्हटलं, तो तक्ता मी केला होता.

मुलीनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"कसला निकाल?"

मॅडम म्हणाल्या, दहावीत असताना शाळेत रक्त घेतलं होतं, त्याचा.

"त्याचं मना कोनी नाय सांगलं."

आईच्या हातातलं सूप थांबलं.

आमच्या नोंदीत तिच्या ओळीला 'कळवलं' असा रकाना होता आणि त्यात 'होय' लिहिलं होतं. ते खोटंही नव्हतं. आमच्या ताई घरी गेल्या तेव्हा मुलगी कामाला बाहेर होती, म्हणून त्यांनी बापाला कळवलं होतं. बापानं आईला सांगितलं. आईनं आता मान खाली घालून तेच सांगितलं, की बाप बोलला, पोरीला नको सांगू, उगा जीवाला घोर लावून घेईल. दुसऱ्याच दिवशी मॅडमनी त्या रकान्याचं नाव बदलून 'कोणाला कळवलं' असं केलं आणि दोन दिवस बसून जुन्या साऱ्या नोंदी त्या नजरेनं तपासल्या. पण त्या क्षणी त्या नुसत्या बसून होत्या, आणि मी मनात मोजत होते. ही गोष्ट ताईंना माहीत होती, डॉक्टरांना, मॅडमना, बापाला, आईला, आणि माझ्या कृपेनं दोन व्हॉट्सअॅप ग्रुपांना. इतकी कुलपं लावली, इतक्या किल्ल्या वाटल्या, आणि जिचं होतं तिलाच एक द्यायची राहून गेली होती.

"म्हनून साखरशेतचे पावने आले नाय," मुलगी म्हणाली. रविवारी मुलाकडची माणसं येणार होती. आली नाहीत, आणि का आली नाहीत ते कुणी सांगतही नव्हतं.

मॅडमनी पिशवीतून पाकीट काढलं आणि तिच्या हातात दिलं. जोडावरच्या सह्या दाखवल्या, कुणी उघडलेलं नाही हे बघून घे म्हणाल्या. मुलीनं त्या सह्यांवरून बोट फिरवलं. पाकीट फोडलं नाही. आईकडे वळली.

"आये, तू जरा खळ्याकडं जा." मग माझ्याकडे. "ताई, तुमी पन भायेर थांबा. बाई सांगंल मना."

आई सूप ठेवून गेली. मी अंगणाच्या कडेला कुडाजवळ जाऊन उभी राहिले. मला बाहेर काढल्याचा राग यायला हवा होता, निदान वाईट वाटायला हवं होतं. तसं काही झालं नाही. मला इतकंच वाटलं की ही मुलगी आम्हा सगळ्यांपेक्षा हे काम जास्त जाणते. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. मॅडमनी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. वीस मिनिटं झाली असतील. कोंबड्यांनी तेवढ्यात पाखडलेल्यातला बराचसा भात खाल्ला आणि मी त्यांना हाकलत राहिले.

ती बाहेर आली तेव्हा पाकीट तिच्या हातात नव्हतं, कुठंतरी ठेवलं असावं. डोळे कोरडे होते. मॅडम मागोमाग आल्या. मुलगी त्यांना म्हणाली, "त्याची झाली का तपासनी? साखरशेतच्या पोराची?"

मी मॅडमकडे पाहिलं. साखरशेतची तपासणी आम्हीच केली होती. त्याची झाली असेल तर निकाल आमच्याकडे असणार, आणि त्या एका शब्दावर या पोरीचं बरंच काही अवलंबून होतं. तिच्या घरात जे आमच्या हातून मोडलं होतं ते सावरायची याहून सोपी वाट नव्हती. कुणालाही वाटलं असतं की सांगून टाकावं. मला तर वाटलंच.

"ते मी तुला सांगू शकत नाही," मॅडम म्हणाल्या. "ते त्याचं आहे."

मला वाटलं, आता ही चिडणार. चिडली असती तरी तिचं काही चुकलं नसतं. तिनं खाली बघून मान हलवली.

"बरोबर हाय. मीच इचारते त्याला. इतकी वर्सं त्याला कोनी इचारलंच नसंल."

तिनं कोनाड्यातला मोबाइल घेतला आणि घरामागच्या चढाला लागली. त्या पाड्यावर रेंज फक्त वरच्या खडकापाशी येते. खळ्याकडून आईनं हाक मारली, ती थांबली नाही. मॅडमनी पिशवी खांद्याला लावली. अजून चार घरं राहिली होती, ती टाळता येणार नव्हती.

आठव्या घराच्या ओट्यावरून ती दिसत होती. खडकावर उभी, फोन कानाला, दुसरा हात हलवत काहीतरी ठासून विचारत होती. इतक्या लांबून त्यातला एक शब्दही ऐकू येत नव्हता, आणि मला त्याचं फार बरं वाटलं.